हिरवी मोटर

"मावशी, मोटर भरवशाची आहे ना?"

परवा बोट बघायला आलेल्या पोरानं विचारलं आणि माझं डोकंच फिरलं. पोरगा म्हणजे तिशीतला, दाढीमिशीवाला बाप्या. सोबत बायको. दोघांना वर्षभर शिडाच्या बोटीतून भटकायचंय. बायको शहाणी, ती गुपचूप शिडाच्या दोऱ्या तपासत होती. हा मात्र गुडघ्यांवर बसून माझ्या मोटरीवर बोटानं टकटक करत होता, कलिंगड घ्यायला आल्यासारखा.

"टकटक काय करता? आतून 'कोण आहे' म्हणणार आहे का ती?" मी म्हटलं. "तळहात ठेवा. चालू करा आणि दहापर्यंत मोजा. हात उचलावा लागला नाही तर ती खुशाल आहे."

त्यानं निमूटपणे हात ठेवला. मग मी त्याला सांगितलं, "नऊ वर्षांत एकदाच बंद पडली. आणि ती चूक माणसाची होती, मोटरीची नव्हे."

हे वाक्य माझं नाही. आमच्या ह्यांचं आहे. नऊ वर्षं धक्क्यावर येईल त्याला हे असंच सांगायचे, आणि दर वेळी माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. का, ते सांगते.

हे डिझेलचे मेकॅनिक. धक्क्यावरची शेवटची शेड आमची. पत्र्याची, एक खिडकी कधीच नीट न लागणारी, भिंतीवर पान्यांचे आकार खडूनं काढलेले. कुठला पाना जागेवर नाही ते लांबूनच कळायचं आणि मग माझ्या नावानं शंख व्हायचा. इंजिन दुरुस्त झालं की हे एक काठी घ्यायचे. मोडक्या वल्ह्याची मूठ होती ती, हातभर लांब. एक टोक इंजिनाला, दुसरं कानाला. डोळे मिटून ऐकायचे. मालक शेजारी उभा, श्वास रोखून. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग हे काठी खाली ठेवायचे आणि एकच शब्द बोलायचे, "चला." तो शब्द मिळाल्याशिवाय कुणी लांबच्या सफरीला निघत नसे. आणि "चला" म्हटलेल्या इंजिनाला हे हिरवा रंग द्यायचे, स्वतःच्या हातानं. धक्क्यावर ह्यांचं इंजिन कुठलं, ते झाकण उघडलं की कळायचं.

मी विजेच्या घरातली. माझ्या वडलांचं मोटरी भरायचं दुकान होतं. पंखे, पाण्याचे पंप, पिठाच्या चक्क्या, जळलेलं काहीही आणा, वडील जुनी तार उपसून नवी गुंडाळून द्यायचे. भावाला त्यात गोडी नव्हती, मला होती. लग्न होऊन आले तेव्हा मी माहेरून तार गुंडाळायचं यंत्र आणलं. सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. ह्यांनी मात्र खिडकीजवळचा कोपरा रिकामा करून दिला. पहिल्याच आठवड्यात आमचं भांडण सुरू झालं आणि पुढची तीस वर्षं तेच पुरलं.

हे म्हणायचे, "डिझेल मरायच्या आधी खोकतं. धूर काढतं, कुरकुर करतं, चार दिवस आधी निरोप धाडतं. तुझी मोटर? आत्ता आहे, आत्ता नाही. समुद्रावर असली वस्तू काय कामाची?"

मी म्हणायची, "तुमच्या डिझेलला मरायला दहा जागा. तेलात कचरा, तेलात पाणी, नळीत हवा, पट्टा तुटला, पंप बसला. माझ्या मोटरीत फिरणारी गोष्ट एक. बाकी सगळं गप्प बसलेलं."

"गप्प बसलेलं, हेच तर वाईट!"

शिडं शिवणारी शेजारीण हातातलं काम सोडून हे ऐकायला यायची. चहा स्वतःचा घेऊन यायची, वर ह्यांची बाजू घ्यायची.

ह्यांच्या खणात एक पत्र्याचा डबा होता, बिस्किटांचा. त्याला हात लावायची कुणाची बिशाद नव्हती. हे त्याला 'चुकांचा डबा' म्हणत. ज्या भागानं ह्यांच्या स्वतःच्या चुकीमुळे दगा दिला तो भाग त्यात जायचा. उलटा बसवलेला वॉशर, जास्त आवळून चिरलेला बोल्ट, असलं. तीस वर्षांत सहा वस्तू. एकदा एक झिजलेली बुश मी सहज त्यात टाकायला निघाले तर हे केवढ्यांदा ओरडले. "ती तिच्या वयानं गेली. ती माझी चूक नाही. फेकून दे." आपली चूक नसेल तर डब्यात जागा नाही, आणि असेल तर सुटका नाही, असा तो हिशेब.

आमची स्वतःची बोट ह्यांनीच बांधलेली. दोघं झोपतील एवढी खोली, एक शीड मोठं, एक लहान. दरवर्षी कामाचे दिवस संपले की आम्ही आठ दिवस किनाऱ्याकिनाऱ्यानं जायचो. तेवढे आठच दिवस ह्यांची नखं स्वच्छ असायची. मी नांगर टाकलेल्या बोटीत स्टोव्हवर चहा करायची आणि हे सुकाणूपाशी बसून बेसूर गायचे. घरी कधी गायले नाहीत. मला विचाराल तर माझा सगळा संसार त्या आठ-आठ दिवसांत झाला, बाकी वर्षभर नुसतं घर चाललं.

मग ह्यांचे कान गेले.

एकदम नाही. आधी शेजारच्या रेडिओबद्दलची तक्रार थांबली. मग मी काहीही विचारलं तरी "हो हो" म्हणायला लागले. एकदा मी म्हटलं, "आज जेवायला दगड करू का?" तर म्हणाले, "कर की." मी हसून सोडून दिलं. खरं तर तेव्हाच मला कळलं होतं. पण ह्यांनी लपवलं म्हणून मीही लपवलं. बोलले असते तर ती काठी हातातून घ्यावी लागली असती, आणि ते धाडस मला झालं नाही.

त्याची किंमत शाळेच्या बाईंना मोजावी लागली. या बाई निवृत्त झालेल्या, एकट्या, स्वतःची बोट स्वतः चालवणाऱ्या. त्यांच्या इंजिनाला हे काठी लावून "चला" म्हणाले. आतलं बेअरिंग तेव्हाच रडत असणार, ह्यांना ऐकू आलं नाही. किनारा दिसेना झाल्यावर इंजिन जाम होऊन बसलं. बाई पट्टीच्या, तीन दिवस नुसत्या शिडावर झुंजत परत आल्या. हातांना फोड, ओठ फुटलेले. ह्यांना एका शब्दानं दोष दिला नाही, उलट म्हणाल्या, "होतं असं." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ह्यांनी इंजिन खोललं, झिजलेल्या बेअरिंगची वाटी काढली, रॉकेलनं पुसली आणि डब्यात ठेवली. सातवी वस्तू. काठी खिळ्याला अडकवली. "आता मी कुणाच्या जिवाशी खेळणार नाही," म्हणाले आणि शेडला कुलूप लावलं. आमची बोटही वर ओढून ठेवली. त्या वर्षी आठ दिवस गेलो नाही. पुढल्या वर्षीही नाही. हे घरात भिंतीकडे तोंड करून बसायचे. जेवायला हाक मारली तर ऐकू येणार नाही म्हणून मी खांद्याला हात लावायची, तर दचकायचे. माझा नवरा माझ्या डोळ्यांदेखत जुना होत चालला होता आणि मी नुसती वरणभाताची ताटं वाढत होते.

एक दिवस मी कुलूप काढलं. गोदामात माल उचलायची जी बॅटरीची गाडी असते, तिची एक जळकी मोटर मी मागून आणली होती. खिडकीजवळ बसून तिची तार उपसायला घेतली. मनात एकच होतं. हा माणूस पुन्हा पाण्यावर गेला पाहिजे. डिझेल ह्यांना आता कळणार नाही. पण मोटर कानानं कळायची गोष्टच नाही, ती हातानं कळते.

चार दिवसांनी हे दारात येऊन उभे राहिले. "काय चाललंय?"

"आपल्या बोटीला बसवणार आहे."

"ही? ही बोलत नाही. काय बिनसलंय ते कळणार कसं?"

आणि माझी जीभ सुटली. "बोलली असती तरी तुम्हाला कुठे ऐकू येणार होतं?"

ते मात्र ह्यांना कळलं. ऐकू आलं की माझ्या ओठांवरून वाचलं, देव जाणे. टेबलावरचा माझा चहाचा कप उचलला, नळाखाली धुतला, पालथा घातला आणि घरी गेले. मी तिथे बसून स्वतःला काय काय म्हटलं ते सांगत नाही. तीन दिवस आमच्यात शब्द नाही. आधी निदान मी तरी बोलायची.

चौथ्या दिवशी स्टूल ओढल्याचा आवाज आला. हे माझ्या शेजारी येऊन बसले. तळहात पुढे केला. "कुठे ठेवायचा?"

मी ह्यांचा हात धरून मोटरीच्या पाठीवर ठेवला. गरम किती झालं की चालतं, किती झालं की थांबवायचं. वार्निश तापल्याचा वास कसा, जळल्याचा कसा. आतले कार्बनचे तुकडे नीट घासतायत की उड्या मारतायत ते बोटाच्या टोकाला कसं लागतं. मी पंधरा वर्षांत जे शिकले ते ह्यांनी पंधरा दिवसांत उचललं. एकदा मला म्हणाले, "डावीकडचा कार्बन बसलेला नाही." मी म्हटलं, काहीतरीच! खोललं तर खरंच बसलेला नव्हता. इतका आनंद झाला मला की मुद्दाम तोंड वाकडं करून म्हटलं, "लागला असेल अंदाज."

मोटर बोटीत बसवली, बॅटऱ्या तळाशी मांडल्या. दोन तास चालेल एवढाच दम, पण बंदरातून बाहेर पडायला आणि आत यायला तेवढा पुष्कळ. बाकी वारा आहेच. हे रोज बंदरात जाऊन शंभर वेळा चालू-बंद करायचे. पण 'चला' काही म्हणेनात.

मध्ये मी दोन दिवस वन्संकडे गेले होते. परत आले तर हे शेडच्या दारात, हात पाठीमागे बांधून उभे. "बघून ये."

बोटीतून काढून आणलेली माझी मोटर टेबलावर होती. हिरवी. नखशिखांत हिरवी, दोन हात दिलेले, कुठे ओघळ नाही. लग्नात रडले नाही एवढी रडले. हे म्हणाले, "पुरे आता. उद्या बसवतो. चला." दोन वर्षांनी तो शब्द ऐकला मी. मोटर ह्यांनी एकट्यानं बसवली, तारा जोडल्या, सगळं माझं बघून बघून. मी जोड एकदा उघडून बघायला हवे होते. पण मी त्या हिरव्या रंगाकडेच बघत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. बंदराच्या तोंडाशी एका बाजूला भिंत, दुसरीकडे खडक, मधून ओढ घेणारं पाणी. बरोबर तिथे मोटर थांबली. खोकली नाही, कुरकुरली नाही. आत्ता होती, आत्ता नव्हती. जळका वास आला.

हे ओरडले नाहीत. हात आपोआप दोरीवर गेले, लहान शीड वर गेलं, झुळूक होती तेवढीच पकडली, बोट खडकापासून काढली आणि नांगर सोडला. तोपर्यंत मी झाकण उघडून आत वाकले होते. जाड तारेच्या टोकाला तांब्याची चपटी टिकली असते, आम्ही तिला लग म्हणतो, ती जळून काळी पडली होती. मी ती सोडवली. उलटी केली. खालून हिरवी. मोटरीच्या ज्या बोल्टवर ती बसते तो बोल्टही हिरवा. धातूला धातू लागायला हवा तिथे ह्यांनी दोन हात रंग दिला होता. रंगातून वीज कशी जाणार? जेमतेम कडेनं जात होती, तिथे तापली आणि जळली. डिझेलच्या माणसाला हे कुठून सुचणार? त्याला गंज माहीत. त्यानं मायेनं सगळं झाकलं.

"काय झालं?" हे वरून विचारत होते. चेहऱ्यावर रंग नव्हता. नांगराची दोरी हातात तशीच. बाई परत आल्या त्या दिवशी हाच चेहरा होता. मला लख्ख कळलं, खरं सांगितलं तर आठवी वस्तू डब्यात जाईल, आणि हा माणूस पुन्हा कधी पाण्यावर यायचा नाही.

"नट सैल राहिला!" मी म्हटलं. "माझ्या हातून!"

खोटं हळू बोलता येतं, पण ह्यांच्याशी सगळंच ओरडून बोलावं लागायचं. अख्ख्या बंदराला ऐकू गेलं असेल.

"तुझ्या हातून?"

"हो! शेवटचा हात मीच फिरवला होता!"

हे माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं."

मी पाठ करून बसले, चाकूनं बोल्ट खरवडून चकचकीत केला, नवीन लग लावली, जळकी चिंध्यांच्या डब्यात कोंबली. मोटर सुरू झाली. ह्यांनी तळहात ठेवला, ओठ हलवत दहापर्यंत मोजलं. "माघारी नको," म्हणाले. "आठ दिवस म्हणजे आठ दिवस." दुसऱ्या संध्याकाळी सुकाणूपाशी बसून गायलेही. पूर्वी बेसूर होतं, आता तर विचारूच नका.

मग ती मोटर नऊ वर्षं चालली. लोक बघायला यायला लागले, आम्हाला बसवून द्या म्हणायला लागले. पहिल्या आल्या त्या शाळेच्या बाई. त्यांची मोटर मी भरली, ह्यांनी बसवली, आणि बाई समोर उभ्या राहून म्हणाल्या, "हात ठेवा. तुम्ही म्हणाल तेव्हाच निघेन." ह्यांनी हात ठेवला. दहाऐवजी पन्नासपर्यंत मोजलं, पण म्हणाले, "चला."

आणि भरवशाचं कुणी विचारलं की ते वाक्य. "एकदाच बंद पडली. चूक माणसाची होती." म्हणताना माझ्याकडे बघून गालात हसायचे. वा रे वा! ह्यांची चूक मी पदरात घेतली आणि हे मला चारचौघांत दरवर्षी माफ करतायत! वर बोट पाण्यात सोडायच्या आधी दर वेळी स्वतः जोड उघडायचे, पॉलिश पेपरनं घासून घासून लखलखीत करायचे. मी म्हटलं, "मी करते ना." तर म्हणायचे, "तुझ्या नटांवर माझा भरवसा नाही." मी ओठ घट्ट मिटून घ्यायची. रंग मात्र पुन्हा कधी दिला नाही. कडेनं उडाला तरी नाही.

गेल्या वर्षी हे गेले. दुपारी आडवे झाले ते झालेच. खोकलेसुद्धा नाहीत. डिझेलचा माणूस, पण गेला मोटरीसारखा.

माझ्या गुडघ्यांना आता बोट झेपत नाही, म्हणून विकायला काढली. ते जोडपं मला आवडलं. त्या टकटक्यालाही हात ठेवायला शिकवता येईल. आज त्यांच्यासाठी नव्या लग आणि कार्बन शोधायला शेड उघडली, ह्यांचा खण ओढला आणि तो डबा दिसला. इतकी वर्षं हात लावला नव्हता. आता ओरडायला कोण आहे, म्हणून उघडला.

वॉशर होता. चिरलेला बोल्ट होता. बाईंच्या बेअरिंगची वाटी होती. एकेक मोजत गेले. सात असायला हव्या होत्या.

आठ होत्या. आठवी कागदात गुंडाळलेली होती. एका बाजूनं काळी जळकी, दुसऱ्या बाजूनं हिरवी, बोल्टासाठी मधे भोक. चिंध्यांतून उचलून, रॉकेलनं पुसून ठेवलेली.

म्हणजे ह्यांना माहीत होतं! तेव्हापासून माहीत होतं. आणि तरी आठ दिवस पुरे केले, तरी गायले, तरी पुढच्या वर्षी निघाले. 'चूक माणसाची' म्हणत हसायचे, ते मला हसत नव्हते. नऊ वर्षं मी ह्यांना सांभाळून घेतेय असं समजत होते, आणि हे मला तसं समजू देत होते.

ती लग मुठीत धरून मी ओरडले, "अहो, मग सांगायचं नाही का! एकदा तरी सांगायचं!" जेवढ्यांदा ह्यांच्याशी बोलायची तेवढ्यांदा ओरडले.

शिडं शिवणारी शेजारीण हातात सुई तशीच घेऊन धावत आली. "काय झालं? कुणावर ओरडताय एवढ्या?"

"ह्यांच्यावर," मी म्हटलं. "हळू बोललं तर ऐकू येत नाही ना त्यांना."